वार्निशाखालचे डाख

सोलापुरात बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीला आलेल्या सेटचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की बाबा आधी आत बघत नसत. झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरत. तिथे बहुतेक वेळा शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असायचं. तारीख, ‘आउटपुट व्हॉल्व्ह बदली’, ‘कंडेन्सर २ नग’, कधी नुसतीच एक सही. आधीच्या मेकॅनिकनं पुढच्या मेकॅनिकला ठेवलेला निरोप. बाबा तो वाचत, मग आत डोकावत आणि काम झालं की त्याच्याखाली स्वतःची एक ओळ लिहीत. मी शाळेतून येऊन दुकानात बसायची तेव्हा मला ते हिशेबाचंच लिखाण वाटायचं. ते वाचणं हा दुरुस्तीचा पहिला भाग असतो हे कळायला मला स्वतःच्या हातात सोल्डरिंग आयर्न यावं लागलं.

गेल्या वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक रिसीव्हर मिळाला. काळ्या खरखरीत रंगाचा, कपाळावर अर्धवर्तुळाकार डायल असलेला, दोन्ही हातांनीच उचलावा असा. विकणारे काका म्हणाले, “ताई, विमानातला माल आहे. लढाईतला. बाँबरचा.” बाजारात असं बरंच काही सांगितलं जातं, पण हे खरं होतं. तो बीसी-३४८ होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलाच्या बी-१७, बी-२४ आणि बी-२९ या बाँबर विमानांत रेडिओ ऑपरेटरच्या टेबलावर असायचा तोच. सहा बँड, पहिला २०० ते ५०० किलोहर्ट्झ आणि उरलेल्या पाचांत दीड ते अठरा मेगाहर्ट्झ. आठ व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या निर्वात नळ्या. विमानातल्या २८ व्होल्टांवर चालणारा, आणि त्या २८ व्होल्टांतून व्हॉल्व्हना लागणारे सव्वादोनशेच्या आसपास व्होल्ट तयार करणारा एक डायनॅमोटर पोटात घेऊन फिरणारा. डायनॅमोटर म्हणजे एकाच दांड्यावरची मोटर आणि जनरेटर. माझ्या सेटमध्ये तो नव्हता. त्याच्या जागी जे होतं त्यामुळेच मी हा सेट घेतला.

जुन्या रिसीव्हरांच्या नादी लागलेल्या माणसांत दोन तट आहेत. एकांना सेट कारखान्यातून निघाला तसा हवा असतो. त्यात नंतर कुणी घातलेली प्रत्येक तार त्यांना जखम वाटते. दुसऱ्यांना तो फक्त चालायला हवा असतो. मी पूर्वी पहिल्यांतली होते. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आर-११५५ आला होता, ब्रिटिश लँकॅस्टर विमानांतला. त्यातला दिशा शोधायचा भाग कुणीतरी काढून टाकला होता आणि त्या जागी ॲल्युमिनियमच्या एका पट्टीवर दोन व्हॉल्व्हचं छोटं सर्किट बसवलं होतं. सर्किटच्या मूळ नकाशात ते नव्हतं, म्हणून मी ते कापलं, भाग डब्यात टाकले, पट्टी भंगारात दिली. बऱ्याच महिन्यांनी डबा उपसताना त्या भागांच्या किमती मनात जुळवून पाहिल्या आणि लक्षात आलं की तो अतिशय विचारपूर्वक केलेला प्रॉडक्ट डिटेक्टर होता. एसएसबीचं, म्हणजे हौशी रेडिओवाले वापरतात त्या अरुंद पट्ट्याच्या प्रक्षेपणाचं, बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून कुणीतरी अनेक रात्री बसून जमवलेला. पुन्हा जोडायला माझ्याकडे ना त्याचा नकाशा होता, ना त्याच्या तारा कुठून कुठे गेल्या होत्या याची नोंद. त्या माणसाच्या रात्री मी दहा मिनिटांत पुसून टाकल्या. ते आजही मला लागतं.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी वाचायचं. आयर्न तापवायचंच नाही.

वाचायचं कसं? पहिली पायरी योग्य नकाशा मिळवण्याची, आणि इथेच बहुतेक जण फसतात. बीसी-३४८ हा एक सेट नाही, ते घराणं आहे. मूळ आराखडा आरसीएचा, १९३०च्या दशकातल्या बीसी-२२४ पासून चालत आलेला; पण युद्धात मागणी इतकी वाढली की बेलमाँट, स्ट्रॉमबर्ग-कार्लसन, वेल्स-गार्डनर अशा कंपन्याही तो बनवायला लागल्या, आणि प्रत्येक ऑर्डरला मागे एक अक्षर लागत गेलं. या अक्षरांचे दोन कुटुंबांत भाग पडतात. जे, एन आणि क्यू ही वेल्स-गार्डनरची भावंडं. त्यांच्या व्हॉल्व्हना डोक्यावर टोपी नाही, सगळी कनेक्शनं तळातून. बाकीच्यांत ६के७, ६जे७, ६बी८ असे डोक्यावर ग्रिडची टोपी असलेले व्हॉल्व्ह. आतली रचनाही या दोन कुटुंबांत बरीच वेगळी. क्यूचा नकाशा समोर ठेवून तुम्ही टोपीवाल्या सेटमध्ये बघितलंत तर अर्धा सेट कुणीतरी बदललाय असं वाटेल. बदललेला काहीच नसतो. ती कारखान्याचीच दुसरी वाट असते.

माझ्या सेटच्या पाटीवर अक्षर होतं क्यू. आणि आत बघते तर टोप्या. ६के७ तीन, ६जे७ एक, मधे ६एफ७ काचेचा. दोन संध्याकाळी मी चुकीचा नकाशा घेऊन बसले होते, कारण छापील पाटीवर विश्वास ठेवला होता. तिसऱ्या दिवशी पाटीचे स्क्रू बघितले. बाकी सगळ्या सेटवर अमेरिकन ६-३२ आट्यांचे स्क्रू, आणि पाटीला मात्र ब्रिटिश बीए मापाचे. ४बीए स्क्रू ६-३२ च्या भोकात घातला तर व्यासात जवळजवळ बसतो, ३.६ मिलिमीटर आणि ३.५, पण आट्यांचं अंतर वेगळं, त्यामुळे दोनतीन फेऱ्यांनंतर तो अडतो. मग जोर लावावा लागतो आणि भोकाचे आटे कायमचे जातात. तसे गेले होते. ही पाटी दुसऱ्याच सेटवरून आलेली होती आणि ती बसवणाऱ्याच्या हातात अमेरिकन स्क्रूंची पेटी नव्हती. भारतात मेट्रिक मापं कायद्यानं आली १९५६ मध्ये आणि बाजारात ती रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. त्याआधी इथल्या रेडिओवाल्यांकडे बीएच असायचे. म्हणजे पाटी बहुधा इथेच बदलली.

स्क्रूवरून एवढं कळतं हे मला या सेटनं शिकवलं. हल्ली सेट उघडला की मी आधी स्क्रूच बघते.

काकांनी सांगितलेली बाँबरची गोष्ट मात्र मनातून जाईना. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ विमानं खरगपूरच्या आसपासच्या तळांवर होती. १५ जून १९४४ च्या रात्री ती चीनमधल्या चेंगडूमार्गे जपानच्या यावातावर बाँब टाकायला गेली. युद्ध संपल्यावर कानपूरला बी-२४ लिबरेटर विमानांचा ढीग मोडीत पडला होता. हिंदुस्थान एअरक्राफ्टनं त्यातली चाळीसच्या आसपास पुन्हा उडती केली आणि १९४८ पासून ती भारतीय हवाई दलात आली. १९५१ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या सहा नंबरच्या स्क्वॉड्रनची लिबरेटरं तर आमच्या लोहगावहूनच उडायची. मी राहते तिथून विमानतळ दिसतो. सेट टेबलावर ठेवून खिडकीतून बाहेर बघितलं की गोष्ट आपोआप जुळायला लागते. पण ती जुळवणं माझं होतं, सेटचं नव्हे. त्याच्या अंगावर असं काहीही नव्हतं. म्हणून ती गोष्ट बाजूला ठेवली आणि जे अंगावर होतं तेवढंच वाचायचं ठरवलं.

अंगावर होतं ते म्हणजे वार्निश.

चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, उलटी केली की एका कोपऱ्यात शाईचा शिक्का दिसतो, ‘एमएफपी’. मॉइश्चर अँड फंगस प्रूफिंग. पॅसिफिक, ब्रह्मदेश आणि आसामच्या दमट हवेत सेटमध्ये बुरशी चढायची, सुती वेष्टनाच्या तारा ओल धरायच्या, गळती व्हायची. त्यावर उपाय म्हणून जोडणी पूर्ण झालेल्या सेटच्या आतून वार्निशाचा फवारा मारत. ऐंशी वर्षांनी तो थर मधासारखा पिवळा झालेला आहे. (यातल्या काही वार्निशांत बुरशी मारायला पाऱ्याची संयुगं घातलेली असत, म्हणून ते खरवडू नये, आणि त्यावर आयर्न टेकवायचंच झालं तर खिडकी उघडी ठेवून.) तपासाच्या दृष्टीनं हा थर फार मोलाचा आहे. बॅटरीचा झोत आडवा मारून भिंगातून बघायचं. ज्या डाखावर, म्हणजे सोल्डरच्या जोडावर, पिवळा थर अखंड आहे तो शिक्क्याच्या आधीचा. जिथे थर तडकलाय, कडेनं जळून काळा झालाय, किंवा डाख उघडाच चमकतोय, तिथे नंतर कुणाचा तरी हात लागलाय. मूर्ती घडवणाऱ्याचा हात आणि शेंदूर चढवणाऱ्यांचे हात वेगळे ओळखावेत, तसं काहीसं हे काम.

मी चासीखालच्या भागाचे फोटो काढले, मोठे छापले आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसले. वार्निशाखालचं निळं, वरचं लाल. तीन रात्री गेल्या. चित्र पूर्ण झालं तेव्हा लाल ठिपके सगळीकडे विखुरलेले नव्हते. त्यांचे दोन-तीन घोळके झाले होते.

पण त्याआधी एक निळा ठिपका सांगायला हवा. एका ६के७च्या स्क्रीन ग्रिडला जाणारा रेझिस्टर नकाशातल्या किमतीपेक्षा वेगळा होता. मी त्याला ‘बदल’ म्हणून लाल करणार होते, पण त्याच्या दोन्ही पायांवर वार्निश अखंड होतं. म्हणजे तो कारखान्यातच तसा बसला, किंवा शिक्क्याच्या आधी लष्कराच्याच कुठल्या तरी दुरुस्तीखान्यात. युद्धाच्या घाईत ठरलेला भाग हाताशी नसेल तर जवळचा बसवून सेट पुढे ढकलला जायचा. नकाशापेक्षा वेगळं दिसलं म्हणजे कुणी सेट बिघडवला असं नाही. तो रेझिस्टर आहे तसा आहे.

आता लाल घोळके.

पहिला डायनॅमोटरच्या रिकाम्या जागेत. तिथे २३० व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर, चोक, आणि ५वाय३ रेक्टिफायरसाठी आठ पिनांचं सॉकेट. अमेरिकेत युद्धानंतर लष्करी माल मातीमोलानं विकला गेला तेव्हा हौशी लोकांनी बीसी-३४८ वर हेच केलं. इथेही डिस्पोजलचा माल मुंबईच्या चोर बाजारात येत होता आणि घरोघरी २८ व्होल्ट काही मिळत नव्हते. डायनॅमोटर काढला की फिलामेंटची (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांची) वायरिंगही बदलावी लागते. विमानातल्या २८ व्होल्टांसाठी सहा-सहा व्होल्टांचे व्हॉल्व्ह मालिकेत ओवलेले असतात. त्या माळा तोडून सगळे व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टांवर समांतर आणावे लागतात. हे काम करणाऱ्यानं एकही तार उगाच सोडली नव्हती. जुन्या माळेची कापलेली टोकं मेणदोऱ्यानं बांधून ठेवली होती. आणि त्याच्या प्रत्येक नव्या तारेच्या टोकाला पिवळी कापडी स्लीव्ह. प्रत्येक पाय टॅगभोवती दीड वेढा, डावीकडून उजवीकडे, शेपूट आत वळवलेली.

ही खूण लक्षात ठेवा. अक्षर बघून माणूस ओळखतात, तसा डाख बघूनही ओळखता येतो. वेढ्यांची दिशा, सोल्डर किती, शेपूट कापतो की वळवतो, स्लीव्ह घालतो की नाही. या सवयी आयर्न धरायला शिकताना लागतात आणि सुटत नाहीत. मी आजही बाबांसारखी टॅगला आधी सोल्डर पाजते आणि मग पाय लावते.

या पिवळ्या स्लीव्हवाल्याचं पुढचं काम आउटपुटला होतं. मूळ सेटमध्ये शेवटचा व्हॉल्व्ह ४१, सहा पिनांचा, आणि त्याचं आउटपुट हेडफोनसाठी. पुढच्या पॅनलवर ‘टेल’ लिहिलेली दोन भोकं आहेत ती त्याचीच. इथे मात्र सहा पिनांच्या भोकावर पितळी पत्रा टाकून त्यात नऊ पिनांचं सॉकेट बसवलेलं, आणि त्यात बीईएलचा ईएल८४. बीईएलनं बंगळूरला व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली १९६१ मध्ये. म्हणून हा बदल ६१ नंतरचा असं मी लिहूनही टाकलं होतं, मग खोडलं. व्हॉल्व्ह हा पाहुणा असतो, आज एक उद्या दुसरा. घरचं माणूस म्हणजे सॉकेट. नऊ पिनांचं सॉकेट आणि ईएल८४ला साजेसा कॅथोड रेझिस्टर सांगतात एवढंच की काम १९५० च्या दशकाच्या मध्याआधीचं नाही. भागावरून ‘याच्या आधी नाही’ एवढंच सिद्ध होतं. ‘याच वर्षी’ असं भाग कधीच सांगत नाही, कारण डब्यात वीस वर्षं पडलेला कंडेन्सरही एक दिवस सेटमध्ये जातो.

ईएल८४ला लावलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर चांगला जाडजूड होता, मोठ्या स्पीकरसाठीचा. डिटेक्टरकडून पुढे जाणारा कपलिंग कंडेन्सर मूळच्यापेक्षा बराच मोठा केलेला. इथे मला पहिल्यांदा वाटलं, याला खर्ज हवा होता. विमानातला रिसीव्हर माणसाचं बोलणं आणि मोर्सची टिकटिक ऐकण्यासाठी केलेला. त्यात खर्ज मुद्दाम छाटलेला असतो, कारण इंजिनांच्या घरघरीत तो नुसता त्रास. या माणसानं तो परत आणला होता.

तरीही सेट नीट चालत नव्हता. आधी सिरीज बल्ब लावून, मग थेट, असा जपून सुरू केला. आवाज गोड, भरदार. पण संध्याकाळी शॉर्टवेव्हच्या ४१ मीटरवर सगळी स्टेशनं एकमेकांत मिसळलेली. डायल थोडी इकडे-तिकडे केली तरी शेजारी काही जाईना. मला वाटलं अलाइनमेंट गेलीय. सिग्नल जनरेटर घेऊन ९१५ किलोहर्ट्झचे आयएफ ट्रान्सफॉर्मर जुळवले. आयएफ म्हणजे आलेलं कुठलंही स्टेशन सेट आत ज्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती; बीसी-३४८ची ती ९१५ आहे, घरगुती रेडिओसारखी ४५५ नव्हे. सगळे ट्रिमर बरोबर टोकावर येत होते, फक्त ते टोक बोथट होतं. मोजलं तर पट्टा सोळा किलोहर्ट्झच्या आसपास रुंद. मीटरनं आयएफच्या कॉइल तपासल्या, काही ओहम, अगदी बरोबर. व्हॉल्व्ह बदलून पाहिले. क्रिस्टल फिल्टर चालू केला की पट्टा एकदम अरुंद व्हायचा, म्हणजे तो ठीक. मग रुंदी येतेय कुठून?

आठवडाभर मी त्या प्रश्नापाशी अडले होते. उत्तर सुचलं ते भाजी निवडताना. कॉइलला समांतर एखादा रेझिस्टर लावला तर ओहममीटरला तो दिसतच नाही! कॉइल पाच ओहमची, रेझिस्टर लाखाचा. मीटर पाचच दाखवणार. डीसीला तो रेझिस्टर अदृश्य असतो, पण ९१५ किलोहर्ट्झला तीच कॉइल मोठा अडथळा बनते आणि मग रेझिस्टर तिचं तेज खातो. कॉइलचा ‘क्यू’, म्हणजे नेमकेपणा, उतरतो, शिखर बोथट होतं, पट्टा रुंदावतो.

आयएफचे डबे उघडले. दोन डब्यांत, प्रायमरीच्या दोन टोकांवर, एकेक रेझिस्टर. अंग तपकिरी, टोक काळं, मधे पिवळा ठिपका. पट्ट्यांची पद्धत रुळण्याआधीची ही जुनी वाचनपद्धत: अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा, ठिपका म्हणजे शून्यं. एक, शून्य, आणि चार शून्यं. एक लाख ओहम. आणि पायांवर पिवळी स्लीव्ह. दीड वेढा, डावीकडून उजवीकडे.

मी आयर्न बंद केलं आणि नुसती बघत बसले.

कुठलाही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, हे करणार नाही. हॅमला पट्टा अरुंद हवा असतो, त्यासाठी तो जिवाचं रान करतो. स्वतःहून आयएफ रुंद करणं, संवेदनशीलता घालवणं, हे फक्त एकाच माणसाला परवडतं, ज्याला संगीत ऐकायचंय. अरुंद पट्ट्यातून तार षड्जाची झळाळी कापली जाते, सारंगी नाकातून बोलल्यासारखी वाटते. रुंद आयएफ, मोठा कपलिंग कंडेन्सर, ईएल८४, जाड ट्रान्सफॉर्मर. वेगवेगळे पाहिले तर चार विचित्र बदल. एकत्र ठेवले तर एकच इच्छा.

मग डायलकडे पुन्हा गेले. या सेटला मीडियम वेव्ह नाही. ५०० किलोहर्ट्झपासून दीड मेगाहर्ट्झपर्यंत भलंमोठं भगदाड आहे, आणि ९१५ची आयएफ त्याच भगदाडात बसलेली असल्यामुळे सहज भरताही येत नाही. म्हणजे मुंबई किंवा पुणे केंद्र मीडियम वेव्हवर यावर लागणं शक्य नव्हतं. घरात हा एकच रेडिओ असेल तर गाणं यायचं ते शॉर्टवेव्हवरूनच. डायलच्या तबकडीवर चौथ्या आणि पाचव्या बँडला शिसपेन्सिलीचे दोन बारीक ठिपके होते, मी ते आधी धूळ समजले होते. एक सव्वासातच्या किंचित अलीकडे, दुसरा बाराच्या अलीकडे. ४१ मीटर आणि २५ मीटर.

पन्नाशीच्या दशकात शॉर्टवेव्हच्या या पट्ट्यांवर काय होतं हे माझ्या पिढीला आईवडिलांच्या तोंडून ठाऊक आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेसंगीताला बाहेरची वाट दाखवली गेली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती आली, तीही सुरुवातीला शॉर्टवेव्हवरच. केसकरांना घराघरांत शास्त्रीय संगीत पोचवायचं होतं आणि त्यांनी त्यासाठी केलंही खूप, हे न्यायानं म्हणायला हवं. पण हा पिवळ्या स्लीव्हवाला माणूस काय ऐकायचा, हे ते दोन ठिपके सांगत नाहीत. ठिपके म्हणतात ४१ आणि २५. सिलोन हे माझं म्हणणं. इथेही मी लोहगावसारखंच थांबते, थोडी कष्टानं.

उरला शेवटचा घोळका. तो वेगळ्या हाताचा, आणि तोही वाईट नव्हे. प्लॅस्टिकच्या लाल तारा, स्लीव्ह नाही, सोल्डर सढळ. ५वाय३ काढून सॉकेटच्याच टॅगांवर दोन बीवाय१२७ डायोड. एकेकाळी टीव्ही मेकॅनिकच्या खिशात चिल्लरीसारखे असायचे ते. डायोडमध्ये व्हॉल्व्हइतके व्होल्ट पडत नाहीत, म्हणून एचटी (व्हॉल्व्हना पुरवलेला उच्च दाब) वाढते. याला ते माहीत होतं, कारण त्यानं पुढे वायरवाउंड रेझिस्टर घालून ती पुन्हा खाली आणली होती. एव्हीसीच्या (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या) ओळीवर हिरवा पॉलिस्टर कंडेन्सर, एसएसबीच्या तुटक बोलण्यात आवाज मधेच उसळू नये म्हणून. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट: ६एफ७मधल्या बीएफओकडून (मोर्स आणि एसएसबी ऐकू येण्यासाठी लागणारी लहर तयार करणारा भाग) एक तार, ६बी८च्या डायोडकडून दुसरी, आणि दोघींना एकमेकींभोवती चारच पीळ. कुठेही न जोडलेल्या. जुने हॅम याला गिमिक म्हणतात, दोन-तीन पिकोफॅरडचा, बाजारात न मिळणारा कंडेन्सर. मूळ सेटचा बीएफओ एसएसबीसाठी अशक्त पडतो; या चार पिळांनी तो नेमका सशक्त केला. नुसत्या नजरेला ती विसरून राहिलेली तार वाटते. साफसफाई करणारा कुणीही तो पीळ सोडवून टाकेल.

या दुसऱ्या माणसाला रुंद पट्ट्याचा त्रास नक्की झाला असणार. क्रिस्टल फिल्टरचा स्विच इतका झिजलाय की बोटानं हलतो, बाकीचे सगळे घट्ट आहेत. त्यानं कायम फिल्टर लावूनच ऐकलं. रेझिस्टर त्यालाही मीटरवर दिसले नसतील. एकाला गाणं हवं होतं, दुसऱ्याला गर्दीतून एक आवाज. एकाच चासीवर दोघं बसले, आणि पहिल्यानं काय केलंय ते दुसऱ्याला कळलं नाही, कारण कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

मी एकच बदल उलटा फिरवला. मेनच्या जिवंत तारेपासून चासीला जोडलेला एक कागदी कंडेन्सर होता, गळका. हात लावला की झिणझिण्या. तो काढला. तीन तारांची मेन केबल घातली, फ्यूज घातला, म्हातारे इलेक्ट्रोलिटिक बदलले आणि कागदी कंडेन्सरांतले गळणारे तेवढेच. बाकी सगळं तसंच ठेवलं. एका ओळखीच्या गृहस्थांनी फोनवर जरा रागानंच विचारलं, “अहो ताई, ओरिजिनल का नाही करत?” त्यांचं प्रेम मला कळतं. पण डायनॅमोटर गेला, ४१चं सॉकेट गेलं, पाटी दुसऱ्याची. आता नवे भाग आणून याला १९४४ चा केला तर तो १९४४ चा दिसेल, एवढंच. आणि त्यासाठी इथल्या दोन माणसांना पुसावं लागेल. एकदा पुसून पाहिलंय मी.

रेझिस्टरांचं मात्र ठरत नव्हतं. एका रविवारी दोन्हींचा एकेक पाय मोकळा करून सकाळी ७ मेगाहर्ट्झवर हॅम मंडळींची नेट, म्हणजे ठरलेल्या वेळच्या गप्पा, ऐकली. आवाज सुटे सुटे झाले, पिळलेल्या तारा आपलं काम चोख करत होत्या. संध्याकाळी पाय परत जोडले आणि २५ मीटरवर, ठिपक्याच्या जवळपास, कुठलंसं परदेशी केंद्र लागलं. भाषा कळली नाही. एक बाई गात होत्या, सोबत काहीतरी तंतुवाद्य होतं, आणि ते खोलीभर, अंगासकट ऐकू येत होतं. रेझिस्टर जोडलेलेच राहिले.

मग वरचं झाकण काढलं, आतली बाजू खिडकीकडे धरली. कोरी होती. एचबीची पेन्सिल घेऊन लिहिलं: तारीख. मेन ते चासी कंडेन्सर काढला. केबल, फ्यूज नवे. इलेक्ट्रोलिटिक ३ नग. आयएफच्या दोन डब्यांत १०० के समांतर आहेत, मीटरला दिसत नाहीत, आधीच्यांनी गाण्यासाठी घातलेत. बीएफओपाशी पीळ आहे तो सोडवू नये. पाटी या सेटची नाही. ६के७ स्क्रीनचा रेझिस्टर वार्निशाखाली, किंमत वेगळी. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.